नमुना क्रमांक सव्वीस

मॅडमच्या उंदरांना पाणी द्यायचं काम माझं.
डाव्या रॅकला साधं, उजव्या रॅकला शिशाचं.
पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं,
"नंदनवार, बोट चाटायचं नाही.
शिशाचं मीठ गोड लागतं. तेच तर वाईट आहे."

तो मे महिना. पारा सेहेचाळीसच्या वर,
उंदरांच्या खोलीतला एसी बसलेला,
आणि डॉक्टर वत्सला खोब्रागडे, परदेशात शिकून आलेल्या,
पदर खोचून माझ्यासोबत वाळ्याच्या टट्ट्या भिजवत होत्या.
माझ्या घरी कूलर नव्हता.
राग आला नाही.
थोडा आला.

हौदाचं सांगतो.
गोल हौद, पाण्यात दूध पावडर कालवलेली,
त्या पांढऱ्याखाली बोटभर खोल एक चौरंग.
उंदीर सोडायचा. स्टॉपवॉच माझ्या हातात.
साध्या पाण्याचे चार दिवसांत शिकत,
टाकला की सरळ चौरंगावर, मिशा पुसत.
शिशाचे काठाकाठानं फिरत राहायचे,
फिरत राहायचे,
काल सापडलेली जागा आज नव्यानं शोधत.
"पोहता येतं त्यांना," मॅडम म्हणायच्या,
"फक्त कुठं थांबायचं ते आठवत नाही."

मेंदू काढताना मी बाहेर चहा प्यायचो.
काचपट्ट्या मात्र मीच वाळवल्या:
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप,
चांदीच्या क्षारानं काळे झालेले.
एकदा त्यांनी भिंगातून दाखवलं,
"इथं फांद्या असायला हव्या होत्या."
मला उन्हाळ्यातला सागवान दिसला,
नुसते खराटे.

मग त्या माणसांकडे वळल्या.
कामठी रोडच्या मागं एक गल्ली,
जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणारी.
साठ पोट्ट्यांचं रक्त. नावं नाहीत, आकडे.
यादी कुलपात, चावी मॅडमकडं.
पण लेबलं मी चिकटवली होती,
आणि सव्वीसचा दंड धरायलाही मीच होतो.
माझी धाकटी, सोनल.
माझा भाऊ आमच्याच अंगणात बॅटऱ्या फोडायचा.

सेमिनारला पडद्यावर ठिपके उमटले.
मॅडमची काठी सगळ्यात वरच्या, एकट्या ठिपक्यावर.
"नमुना क्रमांक सव्वीस. अडतीस."
साहेब लोकांनी वह्यांत लिहून घेतलं.
मी मागं कप गोळा करत होतो.
एक कप जरा जास्तच वेळ पुसला.

त्या रात्री सोनल पाढा म्हणत होती.
सात साते काल आलं होतं.
आज सात सक बेचाळीस, आणि मग
पोरगी काठाकाठानं.
मी घड्याळाकडं पाहिलं नाही.

रविवारी लुनाचा आवाज. मॅडम.
उंबऱ्याची धूळ चमच्यानं पुडीत भरली,
भावाशी तासभर भांडल्या.
तो म्हणे, "मग खाऊ काय, बाई?"
त्याला उत्तर त्यांच्याकडंही नव्हतं,
तरी भांडल्या. भट्टी नाल्यापलीकडं गेली.
बायकोच्या हातचे पोहे खाल्ले, तर्री दोनदा मागून.
सोनलला म्हणाल्या, दूध पी, हात धू, पुन्हा धू.
यादी बघून आल्या होत्या का?
त्या बोलल्या नाहीत, मी विचारलं नाही.
गाडीला किक मारता मारता एवढंच,
"शिशाच्या उंदरांना परत साधं पाणी
आपण कधी देऊनच पाहिलं नाही."

सोमवारी तिसरा रॅक आला.
साधं पाणी, मोठा पिंजरा, आत शिडी, चेंडू,
सोनलची एक मोडकी बाहुलीगाडी.
अर्जात खेळण्यांचा खर्च लिहिला म्हणून
वरून कागद परत आला. मॅडमनी खिशातून भरले.

सोनल आता इतवारीत एका दुकानात बिलं करते.
कॅल्क्युलेटर असतोच. कधी कधी मधेच थांबते,
गिऱ्हाईक खोकलतं, मग पुढं जाते.

आणि तो उंदीर, तिसऱ्या रॅकचा, कान चावलेला.
नवव्या दिवशी काठ सोडून मधे वळला.
एक्केचाळीस सेकंद.
मी ओरडलो.
मॅडमनी आकडा लिहिला, नुसता आकडा,
आणि पेनाला टोपण लावायचं विसरल्या.
शाई कोटावर पसरत राहिली.